डेब्ट आणि डेट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण. बोललो त्यात थोडी दुरुस्ती करून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



चेअरमनसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस वेळ आणि शिल्लक दोन्ही सांभाळून वापरतो, त्यामुळं काळजी नसावी. मागं जेवणाचा वास सुटलाय, हे मलाही कळतंय.

मला विषय दिला होता 'सोसायटीची पंचवीस वर्षं'. पण उसाच्या फडाकडेला आखलेले प्लॉट, पहिली बोअर, रस्त्यासाठी नगरपालिकेत मारलेले हेलपाटे, हे सगळं सेक्रेटरींनी अहवालात दिलंय. मी या पंचवीस वर्षांतली एकच गोष्ट सांगणार आहे, शनिवारच्या पिक्चरची. आपल्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता मुलं इंग्रजी पिक्चर बघतात, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. ते कशासाठी, हे मात्र मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. त्यात माझी एक चूक आहे, म्हणून सांगायचं टाळत होतो.

आधी माझ्या इंग्रजीबद्दल. आमच्या पिढीनं इंग्रजी डोळ्यांनी शिकलं. मास्तर फळ्यावर स्पेलिंग लिहायचे, आम्ही ते दहा वेळा उतरवून काढायचो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कोळून प्यायलो. व्याकरण पक्कं, अक्षर मोत्यासारखं. पण इंग्रजी कानावर पडायचं कुठं? मास्तरांचं इंग्रजीही आमच्याच इंग्रजीचं थोरलं भावंड. सांगलीला कॉलेजात असताना रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागायचा, तो मित्रांबरोबर बघायला जायचो. मारामारी कळायची, बोलणं डोक्यावरून जायचं. शेजारचा हसला की आपण हसायचं.

बी.कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून लागलो. ऑफिसरच्या बढतीची पहिली मुलाखत आली. पॅनेलवर तिघे साहेब. एकानं इंग्रजी परिपत्रक हातात दिलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यात कर्ज या अर्थाचा शब्द होता, डी-ई-बी-टी. मी खणखणीत आवाजात वाचला, 'डेब्ट'. तिघंही हसले. एक साहेब म्हणाले, "मिस्टर, कर्ज वाटणाऱ्या बँकेत काम करता आणि कर्जाचा उच्चार येत नाही? त्यातला बी म्हणायचा नसतो. डेट!" पुढचे प्रश्न सोपे होते. व्याजाचा हिशोब, तारणाचे नियम, सगळं मला पाठ होतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या वर्षी बढती गेली, दुसऱ्या वर्षीही गेली. तिसऱ्या वेळी झालो. लक्षात घ्या, तो शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता. ऐकला एकदाही नव्हता.

मधल्या त्या दोन वर्षांत मी काय केलं? रेडिओ. आकाशवाणीच्या रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या लावायचो. त्याहून जास्त उपयोग झाला क्रिकेटच्या कॉमेंट्रीचा. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अजित वाडेकरांच्या संघानं ओव्हलवर इंग्लंडला हरवलं, तेव्हापासून कॉमेंट्रीचं वेड होतंच. खेळ मला माहीत होता. चेंडू कुठं गेला, कोण बाद झाला, याचा अंदाज यायचा, आणि अंदाज आला की शब्द आपोआप उलगडायचा. त्यातून एक गोष्ट कळली. परकी भाषा शिकायची तर निदान गोष्ट तरी ओळखीची हवी. दोन्ही अनोळखी असल्या की माणूस बुडतो. संगमावर पोहायला शिकताना एक पाय तळाला टेकतोय याची खात्री असली की हात मारता येतो, तसं.

आता शनिवारची गोष्ट. २०१८ च्या जूनमध्ये आपल्याच गल्लीतली सहा मुलं इंग्रजीत मागं पडलीत, असं आयांच्या बोलण्यातून कळलं. सगळी मराठी माध्यमातली, आठवी-नववीतली. राज्य सरकारनं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं ते २००० साली. म्हणजे ते इंग्रजी आणि आपली सोसायटी एकाच वयाचे. आमच्यापेक्षा चार वर्षं आधी सुरू होऊनही या मुलांची अवस्था आमच्यासारखीच. धडा वाचतात, प्रश्नोत्तरं पाठ करतात, पण समोरच्यानं इंग्रजीत साधं नाव विचारलं तर खाली मान घालतात. मी निवृत्त, वेळ भरपूर. म्हटलं, आपण पिक्चर दाखवून शिकवू.

वार्षिक सभेत विषय मांडला. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली, ते आज समोरच बसलेत. म्हणाले, "पिक्चर बघून इंग्रजी येत असतं, तर थेटरातला डोअरकीपर प्रोफेसर झाला असता." सभा हसली. मला राग आला. पण आज जाहीरपणे सांगतो, ते बरोबर बोलले होते. नुसता पिक्चर बघून काही येत नाही. हे कळायला मला तीन महिने लागले.

पहिला पिक्चर मी निवडला अॅटनबरोंचा 'गांधी', १९८२ सालचा. मनात अभिमान असा, की याच पिक्चरच्या वेशभूषेसाठी भानू अथैय्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती, आणि ती आपल्या कोल्हापूरची. कस्तुरबांच्या भूमिकेत आपल्या रोहिणी हट्टंगडी. गोष्टही ओळखीची. सगळं जुळलं होतं, पण पिक्चर तीन तासांहून मोठा. तासाभरात दोघं झोपले, दोघं पाणी प्यायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या शनिवारी मी शहाणपणा केला, खाली हिंदी अक्षरं येतील असा एक पिक्चर लावला. मुलं खिळून बसली. शेवटी गोष्ट विचारली तर सगळी सांगितली. इंग्रजीतलं एक वाक्य सांगा म्हटलं, तर एकालाही येईना. त्यांनी पिक्चर वाचला होता. हिंदीत!

नंतर वाचनात आलं, की याच गोष्टीचा शास्त्रज्ञांनी प्रयोग केलाय. नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन वळणाचं इंग्रजी असलेले पिक्चर आणि मालिका दाखवल्या. काहींना खाली इंग्रजीच अक्षरं, काहींना त्यांच्या डच भाषेतली, काहींना कुठलीच नाहीत. मग त्याच वळणाची नवी वाक्यं ऐकवली. ज्यांनी इंग्रजी अक्षरं वाचली, त्यांचा कान सर्वांत तयार झाला होता. डच अक्षरांचा नव्या वाक्यांसाठी फायदा तर नाहीच, उलट तोटा दिसला. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. कारण साधं आहे. कानावर पडलेला आवाज आणि डोळ्यांपुढचं अक्षर एकाच शब्दाचं असेल, तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात. कानाला 'डेट' ऐकू येतं, डोळ्याला त्यातला बी दिसतो, आणि हा बी मुका आहे हे कुणी न सांगता कळतं. मला कुणी असं दाखवलं असतं, तर दोन वर्षं वाचली असती.

आपल्या देशातही यावर मोठं काम झालंय. अहमदाबादच्या आयआयएममध्ये नंतर प्राध्यापक झालेले ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना स्पॅनिश भाषा शिकत होते. मित्रांबरोबर स्पॅनिश पिक्चर बघताना त्यांच्या मनात आलं, की खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिश अक्षरं असती तर बरं झालं असतं. पुढं त्यांनी ती कल्पना आपल्या गाण्यांना लावली. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर 'चित्रगीत' कार्यक्रमात गुजराती गाण्यांखाली गुजरातीच ओळी दिसू लागल्या. गाणं लोकांना पाठ असतं, त्यामुळं डोळा आपोआप अक्षरामागं धावतो, आणि ज्याचं वाचन कच्चं आहे त्याचा रोज थोडा सराव होतो. तो उपक्रम मातृभाषेच्या वाचनासाठी होता, इंग्रजीसाठी नव्हे. पण धागा तोच. जे कानाला ठाऊक आहे, त्याला अक्षर जोडायचं.

आणि कुरुंदवाडच्या माणसाला हे सांगायला अहमदाबादला कशाला जायला हवं? पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर आपल्याच गावात १८७२ साली जन्मले. लहानपणी वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका फुटला आणि डोळे अधू झाले. शाळा सुटली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले, कानानं. नंतर १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांनी काय केलं? गाणं लिहून ठेवायची पद्धत बसवली, स्वरलिपीची पुस्तकं छापली. कानानं शिकलेल्याला अक्षर दिलं. आधी कान आणि मग अक्षर, हा क्रम आपल्या गावच्या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवलाय.

तर मी पद्धत बदलली. पूर्ण पिक्चर बंद. एका शनिवारी एकच प्रसंग, चार-पाच मिनिटांचा. तो तीनदा बघायचा. पहिल्या वेळी अक्षरांशिवाय. मग मुलांनी मराठीत सांगायचं, काय झालं असेल. चुकलं तरी चालेल. दुसऱ्या वेळी खाली इंग्रजी अक्षरं लावायची, मध्ये थांबवायचं, आणि वहीत पाचच वाक्यं लिहायची. सुटे शब्द नव्हे, अख्खी वाक्यं. 'होल्ड ऑन', 'आय अॅम कमिंग', 'व्हॉट हॅपन्ड' असली, रोजच्या तोंडची. तिसऱ्या वेळी पुन्हा अक्षरं काढायची आणि नुसतं ऐकायचं. शेवटी आवाज बंद करून मुलांनी त्या पात्रांच्या जागी बोलायचं. पुढच्या शनिवारी सुरुवातीला तोच प्रसंग पुन्हा एकदा. पाऊण तासात वर्ग संपतो.

पिक्चरही बदलले. सुरुवात केली चाप्लिनच्या 'द किड'नं. १९२१ चा मूकपट आहे. बोलणंच नाही, मध्ये मध्ये पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ येते. एक मुलगा ती मोठ्यानं वाचतो, बाकीचे अर्थ सांगतात. आमचे आजोबा सांगायचे, मूकपटाच्या काळात थेटरात असंच व्हायचं. ज्याला वाचता येई तो पाट्या मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात बनलेले पिक्चर लोकांनी तसेच बघितले. चाप्लिननंतर 'फाइंडिंग नेमो'. पोरगं हरवलं आणि बाप शोधायला निघाला, एवढी गोष्ट कुठल्याही भाषेत कळते. मग २०१६ चा 'जंगल बुक', कारण मोगली सगळ्यांच्या ओळखीचा. मारामारीचे पिक्चर मी टाळतो. त्यात बोलणं कमी आणि आवाज जास्त.

आता माझी चूक.

त्या सहा मुलांत एक नववीतला मुलगा होता. नाव घेत नाही, तो आज इथं आहे. सहांमध्ये सर्वांत बुजरा. पण दीड महिन्यात तो पुढच्या रांगेत येऊन बसायला लागला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं वाचायला हात वर केला. ओळीत बेट या अर्थाचा शब्द होता. त्यानं वाचला, 'इसलँड'. आणि मी, काय झालं कुणास ठाऊक, पटकन बोलून गेलो, "अरे, नववीत आहेस का बालवाडीत? आयलँड!" सगळी पोरं खो खो हसली. मीही हसलो.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, असेल काही काम. तिसऱ्या आठवड्यात त्याची आई आमच्या घरी आली. म्हणाली, "काका, पोरगं ऐकंना झालंय. शाळा सोडतो म्हणतंय. इचलकरंजीला मामाच्या यंत्रमागावर जातो म्हणतंय. तुमच्याकडं येतो म्हणून बाहेर पडायचं आणि घाटावर बसून यायचं. तुम्ही जरा सांगा की त्याला."

ती गेल्यावर आमच्या सौ. चहाचा कप ठेवत एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला हसलेले ते तीन साहेब तुम्ही अजून विसरला नाही. याला तर तुम्ही एकटेच पुरलात."

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. 'डेब्ट' म्हणून मला हसलेल्या माणसांना मी चाळीस वर्षं मनात शिव्या दिल्या. आणि त्याच चुकीसाठी, अगदी त्याच चुकीसाठी, मी एका पोराला हसलो. त्याच्याही शब्दात एक मुकं अक्षर होतं. त्यानंही तो शब्द फक्त वाचलेला होता, कधी ऐकलेला नव्हता. दोष त्याचा कुठं होता?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटावर गेलो. पावसाळा होता, नदी फुगलेली. तो वरच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला. मी म्हटलं, "बस. तुला एक गंमत सांगतो." आणि त्याला मुलाखतीची सगळी गोष्ट सांगितली. तो आधी गप्प होता. मग म्हणाला, "खरं आजोबा? तुम्ही डेब्ट म्हणाला?" म्हटलं, "खणखणीत म्हणालो. दोन वर्षं बढती गेली." मग तो हसला. मी त्याला म्हटलं, "मी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो, तर सगळ्यांसमोरच सांगतो." तो म्हणाला, "नको आजोबा, तेवढं नको." पण मी सांगितलं. त्या शनिवारी पिक्चर लावायच्या आधी सहाही मुलांना डेब्टची गोष्ट ऐकवली. त्या दिवसापासून आपल्या हॉलच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. शनिवारचा एकच नियम त्यावर लिहिलाय: 'इथं चुकायला परवानगी आहे, हसायला नाही.'

त्यानंतर मी उच्चार दुरुस्त करणं सोडलं. कुणी चुकलं की मी काही बोलत नाही, तोच प्रसंग पुन्हा लावतो. मुलगा स्वतःच ऐकतो, थांबतो, आणि म्हणतो, "आजोबा, ते वेगळं म्हणतायत." पिक्चरचा सर्वांत मोठा गुण हाच. तो शंभर वेळा तेच वाक्य सांगतो, पण कंटाळत नाही, रागावत नाही आणि हसत नाही. एवढा सोशिक मास्तर मी होऊ शकलो नसतो.

२०१९ च्या ऑगस्टात काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. खालच्या बाजूच्या घरांत पाणी, हॉलमध्ये पाणी. टीव्ही गेला, पुस्तकांचं कपाट गेलं, मुलांच्या वह्या गेल्या. पाणी उतरल्यावर चिखल काढताना तो मुलगा माझ्याबरोबर होता, तेव्हा दहावीत. मी म्हटलं, आता शनिवार बंद. तो म्हणाला, "का? मोबाइल आहे की." पुढचे चार महिने आम्ही एका लहानशा मोबाइलभोवती डोकी लावून बसलो. पुढं सोसायटीनं नवा टीव्ही घेतला. त्याला मंजुरीचा ठराव मांडला डोअरकीपरवाल्या आपल्या सभासदांनीच. त्यांचे जाहीर आभार.

तो मुलगा २०२० मध्ये दहावी झाला. इंग्रजीत एक्कावन्न मार्क. फार नाहीत, मला माहीत आहे. त्यातले बरेच मार्क त्याच्या शाळेतल्या बाईंचे आहेत, ज्यांनी त्याच्याकडून निबंध आणि पत्रं लिहून घेतली. पिक्चरनं निबंध येत नाही, व्याकरण येत नाही, हे पालकांनी नीट ऐकावं. सहा मुलांपैकी एकाला तर काहीच फरक पडला नाही, तो गोष्ट बघायला येत होता आणि गोष्ट बघूनच गेला. पिक्चरनं फक्त दोन गोष्टी होतात. कान उघडतो आणि भीती जाते. पण भीती गेल्याशिवाय बाकीचं काही आत शिरत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

आणखी एक हकिकत, परवानगी घेऊन सांगतो. आपल्या पलीकडच्या गल्लीतल्या एक वहिनी मुलाला न्यायला यायच्या, त्या हळूहळू अर्धा तास आधी यायला लागल्या. दाराशी उभ्या राहायच्या. एक दिवस मी खुर्ची दिली. त्यांच्या थोरल्या मुलानं बेंगळुरूला लग्न केलंय, सूनबाई तमिळ. वहिनींना तमिळ येत नाही, सुनेला मराठी येत नाही, दोघींच्या मध्ये राहिलं इंग्रजी. फोन आला की वहिनी "हाऊ आर यू" म्हणून मुलाच्या हातात फोन द्यायच्या. त्यांना मी 'इंग्लिश विंग्लिश' बघायला सांगितला. पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांनी २०१२ साली केलेला. त्यात लाडू करून विकणारी गृहिणी अमेरिकेत जाऊन चार आठवड्यांच्या वर्गात इंग्रजी शिकते, आणि रात्री जागून इंग्रजी पिक्चर बघते. शिंदे यांनी तो पिक्चर आपल्या आईची माफी मागण्यासाठी केला. आईंचा घरी लोणच्यांचा व्यवसाय होता. वहिनी पिक्चर बघून आल्या आणि म्हणाल्या, "काका, बाई म्हणजे मीच की!" आता त्या सुनेशी दहा-पंधरा मिनिटं बोलतात. परवा सुनेनं सांबाराची कृती सांगितली, यांनी तांबड्या रश्शाची. व्याकरणाकडं दोघीही बघत नाहीत. सुनेनं मराठीचीही सुरुवात केलीय, मराठी पिक्चरवरून, असं ऐकतो.

पालकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. घरी करायचं असेल तर टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या सेटिंगमध्ये सबटायटल्स शोधा आणि तिथं इंग्रजी निवडा, हिंदी-मराठी नको. बोलणं फार भरभर वाटलं तर यूट्यूबवर वेग थोडा कमी करता येतो, पाऊणपट ठेवा. दिवसाला पाच मिनिटं पुरेत, पण तीच पाच मिनिटं तीनदा. मुलगा दोन तास पिक्चर बघून 'अभ्यास केला' म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. आणि मुलाबरोबर तुम्हीही बसा. तुम्हाला येत नसेल तर फारच उत्तम. बापालाही येत नाही आणि तोही शिकतोय, हे बघून मुलाला जो धीर येतो, तो कुठल्या ट्यूशनमध्ये मिळत नाही.

आता शेवटचं, आणि हे आभार प्रदर्शन नाही, विनंती आहे. मी पंच्याहत्तरीला टेकलोय. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. इंग्रजी ऐकायला शिकवणाऱ्याचा कान जातोय, आता काय बोलणार! तो मुलगा डिप्लोमा करून नोकरीला लागलाय, जयसिंगपूरला राहतो. महिन्यातले दोन शनिवार तो येतो आणि वर्ग घेतो. मी मागं बसून बघतो. मागच्या खेपेला एका मुलीनं 'नाइफ' हा शब्द के धरून वाचला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्यानं काही न बोलता प्रसंग मागं घेतला आणि पुन्हा लावला.

म्हणजे दोन शनिवार भरलेत, दोन रिकामे आहेत. त्यासाठी इंग्रजीचा प्रोफेसर नको. रिमोट चालवता येणारा, पाऊण तास गप्प बसता येणारा कुणीही चालेल. आपल्या सोसायटीत आज जे कॉलेजात जातात, ज्या भगिनींची मुलं मोठी झालीत, जे माझ्यासारखे नुकतेच निवृत्त झालेत, त्यांनी विचार करावा. हॉलची किल्ली माझ्याकडं आहे. भाषण संपल्यावर मी जेवणाच्या रांगेत उभा असेन. ज्याला हवी त्यानं तिथंच येऊन मागावी.